शिलाफलकावर तिचंही नाव

तेलगाव हे चौकाचं गाव. परळीहून बीडला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता इथंच एकमेकांना छेदतात. सध्या कारखान्याचा हंगाम आहे, त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर चौकाला श्वास घेऊ देत नाहीत. आणि चौक म्हटला की फ्लेक्स आलेच. वाढदिवसाचे, निवडीचे, जाहीर आभाराचे फ्लेक्स आपल्याला पाठ आहेत. अलीकडं मात्र आमच्या भागात एक बरा वाटणारा फ्लेक्स दिसू लागलाय : ‘सेवापूर्ती सोहळा’. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या जवानाची उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. पुढं हलगी, मागं देशभक्तीची गाणी, शाळेतल्या पोरांच्या हातात झेंडे आणि शेवटी मारुतीच्या पारावर सत्कार. काल-परवापर्यंत असा माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून गुपचूप उतरायचा. आता त्याला गाव घ्यायला येतं. हा बदल मला मनापासून आवडतो.

पण सत्कार सुरू झाला की माझं लक्ष मंचाच्या कडेला बसलेल्या त्याच्या बायकोकडं जातं. सूत्रसंचालक नवऱ्याच्या बदल्यांची यादी वाचतो : जम्मू, लेह, तवांग, राजस्थान. टाळ्या पडतात. मग ‘वहिनींनाही’ एक साडी. त्या सतरा-अठरा वर्षांत वहिनी कुठं होत्या, हे कुणी वाचत नाही. त्या इथंच होत्या. सासऱ्याचं दवाखान्याचं, भावकीतल्या बांधाचं, सोसायटीच्या कर्जाचं, लेकरांच्या दाखल्यांचं सगळं त्यांनीच निभावलं. ऊसतोडीत आपण नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतो. उचल नवऱ्याच्या नावावर आणि मोळ्या दोघांच्या डोक्यावर! फौजेतली नोकरीही तशीच एका कोयत्याची असते. फक्त मुकादमाच्या वहीप्रमाणंच गावाच्या वहीतही दुसऱ्या माणसाचं नाव नसतं.

नाव लिहिण्याच्या बाबतीत आपला इतिहास तसा कंजूषच. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या देवळाजवळ किंवा वेशीत वीरगळ पडलेले आहेत. शेंदूर फासून आपण त्यांचे देव केले आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरं सोडवण्याचा प्रसंग, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, आणि बाजूला चंद्र-सूर्य. माणूस कसा मेला हे दगड सांगतो, पण तो कोण होता हे बहुतेक ठिकाणी सांगत नाही. त्याच्या शेजारी कधी सतीशिळा असते. तिच्यावर बाईचा चेहरासुद्धा नसतो, कोपरात वाकलेला एक हात असतो आणि त्यात चुडा. त्याच्या वाट्याला निदान लढाई आली, तिच्या वाट्याला फक्त बांगड्या.

इंग्रजांनी पद्धत बदलली, वृत्ती फारशी नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी अनेक गावांत फलक लावले : या गावातून इतके गेले, इतके मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली. घरटी एक माणूस फौजेत असलेल्या या गावाच्या नावातच मिलिटरी चिकटलेली आहे. वीरगळावर पराक्रम होता, नाव नव्हतं. इंग्रजांच्या फलकावर आकडा आला, नाव तरीही नव्हतंच.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात लढाई म्हणजे फ्लँडर्स किंवा मेसोपोटेमिया नाही, तर रझाकारांचा काळ आणि निजामाचं राज्य संपलं तो १७ सप्टेंबर १९४८. निजामाविरुद्धच्या त्या लढ्यातल्या बायका म्हटलं की भाकरी पोचवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या असं आपण सांगतो, आणि तेही काम जिवावरचंच होतं. पण बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी हत्यार हातात घेतलं आणि रझाकारांशी झुंज दिली. लोकांनी त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हटलं. किती शाळांत, किती हुतात्मा स्मारकांत त्यांची माहिती वाचायला मिळते, हे वाचकांनी आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावं. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर ही स्मारकं उभी राहिली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी १५ ऑगस्टला कुलूप निघतं आणि संध्याकाळी परत लागतं.

मग आला ऑगस्ट २०२३. ‘माझी माती, माझा देश’ या मोहिमेत गावोगावच्या ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवायचे ठरले. देशासाठी प्राण दिलेल्या गावातल्या माणसांची नावं त्यावर कोरायची होती. मोहिमेचा गाजावाजा झाला, मातीचे कलश दिल्लीला गेले, सेल्फी निघाल्या. हे सगळं विसरलं तरी चालेल. पण शिलाफलकाची कल्पना मोलाची होती. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, तेव्हा त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर २५,९४२ नावं कोरलेली होती. पुण्याच्या लष्कर भागातलं युद्धस्मारक नागरिकांनी वर्गणी काढून उभारलं, ते १९९८ च्या स्वातंत्र्यदिनी. पण तेलगाव-धारूरच्या माणसाला दिल्ली लांब आणि पुणंही लांब. त्याच्यासाठी ग्रामपंचायतीसमोरचा तो दगड हेच युद्धस्मारक. माणसाचं नाव आडनावासकट, त्याच्याच गावात, रोज येता-जाता दिसेल असं लिहिण्याची सोय त्यानं केली.

या दगडाच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तो फक्त गेलेल्यांची नोंद घेतो. सीमेवर उमेदीची वर्षं घालवून जिवंत परत आलेल्याला त्यावर जागा नाही. दुसरी म्हणजे तो जवळजवळ सगळीकडं पुरुषांचा आहे. त्यात कुणाचा डाव आहे असं नाही, लष्कराची दारंच बायकांना उशिरा उघडली.

उशिरा म्हणजे किती, तेही बघू. लष्करी रुग्णालयांसाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली १८८८ साली. इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, त्यांत १९१७ साली मृत्यू आलेल्या एका परिचारिकेचंही नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून बायकांचं सहायक दल होतं. म्हणजे बाई लष्करात होतीच, पण ती बाजूच्या खोलीत होती. परिचारिका आणि डॉक्टर सोडून इतर विभागांत तिला अधिकारी म्हणून घेतलं ते १९९२ नंतर. कायम कमिशनसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं आणि निकाल लागला १७ फेब्रुवारी २०२०ला. मे २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात ८३ मुलींची पहिली तुकडी जवान म्हणून दाखल झाली. आणि ३० मे २०२५ रोजी पुण्याच्या खडकवासल्याला, एनडीएच्या संचलनात पहिल्यांदा १७ मुली बाहेर पडल्या. लेफ्टनंट जनरल पदापर्यंत पोचलेल्या डॉ. माधुरी कानिटकर तर आपल्याच राज्यात आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

साताऱ्याच्या स्वाती महाडिकांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये धारातीर्थी पडले. स्वातीताईंनी वयाची सवलत मिळवली, परीक्षा दिली, चेन्नईचं खडतर प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. अशा बाईला मंचावर बोलावताना आपण काय म्हणणार? ‘वीरपत्नी’ म्हणालो तर ते खरंच आहे, पण अर्धं खरं. त्यांच्या खांद्यावरचे तारे त्यांनी स्वतः कमावलेले आहेत.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्यासारखं आहे. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या काळ्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांवर नावं आहेत, त्यांत बायका फक्त आठ. तिथं काम केलेल्या हजारो परिचारिका जिवंत परतल्या होत्या, म्हणून भिंतीवर नव्हत्या. डायान कार्लसन एव्हान्स या परिचारिकेनं वर्षानुवर्षं भांडून १९९३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं शिल्प उभारायला लावलं. लंडनमध्ये २००५ साली बायकांसाठी उभारलेल्या स्मारकावर एकाही बाईचं नाव नाही, नुसते खुंटीला टांगलेले १७ गणवेश आणि कामाचे कपडे कोरलेले आहेत. सतीशिळेवरच्या हाताची आठवण व्हावी असंच ते आहे. मला पटली ती अमेरिकेतल्या आर्लिंग्टनची रीत. तिथल्या १९९७ च्या स्मारकात दगडापेक्षा नोंदवही मोठी आहे. सैन्यात काम केलेल्या कुठल्याही बाईनं, जिवंत असली तरी, आपलं नाव, फोटो, कुठं काम केलं आणि काय आठवतं ते त्यात लिहायचं. लाखो बायकांनी ते लिहिलं आहे.

हे आपल्या ग्रामपंचायतीला अवघड नाही. शंभर पानांची एक वही लागते आणि अक्षर बरं असलेला एक शिक्षक.

आता थोडं कडू बोलायचं आहे. सैन्यदल माजी सैनिक दिन १४ जानेवारीला पाळतं, कारण जनरल करिअप्पा १९५३ साली त्याच तारखेला निवृत्त झाले. आपल्याकडं त्याच सुमारास संक्रांत असते. घरोघर हळदीकुंकू, वाण, तिळगूळ. पंधरा ऑगस्टला जिला मंचावर बसवून आपण शाल घातली, त्या वीरपत्नीला संक्रांतीचं बोलावणं किती घरांतून जातं? सत्कारातही पाहा. शाल घालणारी बाई कुंकवाच्या करंड्याकडं हात नेते आणि मध्येच थांबते. सगळी सभा ते बघते आणि कुणी काही बोलत नाही. नवऱ्यानं देशासाठी जीव दिला हे गावाला अभिमानाचं, आणि त्याच मरणानं बायको मात्र अशुभ झाली! सतीशिळेवरच्या हातातला चुडा आपण शेकडो वर्षं पुजतो. जिवंत बाईच्या हातातल्या बांगड्या मात्र तिरंग्यात गुंडाळलेली पेटी दारात आल्या दिवशीच फोडतो. यापेक्षा मोठा अपमान शत्रूलाही करता येणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं सगळं एका दिवसात बदलत नाही, हे मान्य. पण ठराव असला की त्या बाईच्या बाजूनं बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी कागद असतो.

सन्मानाची व्यवहारी बाजूही विसरू नये. २०१८ पासून वीरपत्नींना एसटीचा प्रवास मोफत आहे. २०२० च्या निर्णयानं ग्रामपंचायत हद्दीत माजी सैनिकाला आणि सैनिकाच्या विधवेला एका घराची घरपट्टी माफ आहे. हे माहीत असायला हवं ग्रामपंचायतीला, आणि माहीत नसतं बहुधा तिलाच. नाहीतर हाराचे पैसे सरपंचानं द्यायचे आणि घरपट्टीची पावती ग्रामसेवकानं फाडायची, असं होतं. पुढं आणखी एक गोष्ट येते आहे. अग्निपथ या चार वर्षांच्या भरती योजनेतली पहिली तुकडी २०२६ संपताना मुदत पूर्ण करेल आणि त्यांतल्या फक्त पंचवीस टक्के पोरांना लष्कर ठेवून घेईल. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर, पेन्शनशिवाय गावात परततील. पहाटे याच रस्त्यांवर भरतीसाठी धावणाऱ्या पोरांमध्ये आता पोरीही आहेत. चार वर्षांनी परतणाऱ्या या पोरापोरींसाठी जीप आणि हलगी निघेल का, आणि निघाली तरी दुसऱ्या दिवशी कामाचं काय, हे आजच बोलायला हवं.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि गावातले सगळे ‘मेजर’ यांना एक विनंती. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीन विषय घ्या. पहिला : सैन्यात, निमलष्करी दलात, लष्करी रुग्णालयात काम केलेल्या गावातल्या प्रत्येक पुरुषाची आणि बाईची, हयात असो वा नसो, एका वहीत नोंद करा. मागं घर सांभाळलेल्या बाईचं नाव त्याच ओळीत लिहा. दुसरा : हेरवाडसारखा ठराव करा. तिसरा : घरपट्टीची सवलत कुणाकुणाला द्यायची राहिली, त्याची यादी त्याच सभेत वाचा. आणि गावातल्या बायांनो, तुमच्यासाठी ग्रामसभेची वाट बघायचं कारण नाही. यंदा संक्रांतीचं पहिलं बोलावणं वीरपत्नीच्या घरी पाठवा आणि पहिलं कुंकू तिला लावा.