मरणानंतरचे कागद

2018 सालच्या श्रावणातली गोष्ट. पहाटे फोन वाजला. माझा चुलतभाऊ दम्मामला झोपेतच गेला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत आखात काही नवं नाही. घरटी एखादा तरी माणूस तिकडे आहे. नवं होतं ते मरणानंतरचं कागदकाम. घरातला शिकलेला म्हणून ते माझ्याकडे आलं.

तिकडच्या कंपनीचा पहिलाच प्रश्न : देह पाठवायचा की तिथंच पुरायचा? वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं आणि त्यांनी निर्णय लिहून द्यायचा होता. वारसाचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. शिवाय तिथला मृत्यूचा दाखला, वैद्यकीय अहवाल, मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, संसर्गजन्य रोग नसल्याचं प्रमाणपत्र. मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांचा अहवाल, तोही इंग्रजी भाषांतरासह. मग आपला दूतावास पासपोर्ट रद्द करून ना-हरकत दाखला देतो.

आमचं घोडं अडलं भलतीकडेच. पासपोर्टवर पत्नी म्हणून वहिनींचं माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. लग्नात हौसेनं बदललेलं नाव! संमतिपत्र परत आलं. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करून ते पुन्हा पाठवलं. पेटी मुंबईला उतरली ती एकोणिसाव्या दिवशी.

दोष केवळ कायद्याला देता येणार नाही. परदेशी मृत्यूची नोंद आपल्या वकिलातीत झाली, की 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 20नुसार ती इथंही ग्राह्य धरली जाते. गरजूंचा देह आणण्यासाठी 2009पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. विशिष्ट वर्गातल्या कामगारांना सक्तीच्या असलेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यूला दहा लाखांचं संरक्षण आहे. सोय आहे, पण ती वाडीवरच्या बाईला सांगणार कोण? ज्या जिल्ह्यांतून माणसं परदेशी जातात, तिथल्या जिल्हाधिकारी कचेरीत या कामासाठी एक जाणता माणूस आणि संमतिपत्राचा मराठी नमुना असायला काय हरकत आहे?

आणि आपण? जिवंतपणी मरणाचं बोलणं अभद्र मानतो. निघताना बॅगेत लोणचं आठवणीनं भरतो. पण पासपोर्टची आणि विम्याची प्रत घरी ठेवत नाही, नावं जुळतात का पाहत नाही. हे अभद्र बोलणं एकदा करून घ्यावं, एवढंच माझं मागणं आहे.

नोटरीच्या टेबलापाशी वहिनींनी मला हळूच विचारलं होतं, ‘‘भावजी, कुठल्या नावानं सही करू?’’ तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे. तेव्हापासून वाडीतलं कुणी आखातात निघालं, की मी निरोपाला जातो आणि आधी कागद मागतो. लोक मला विक्षिप्त म्हणतात. म्हणोत बापडे.