युद्धकथा मुलांपासून लपवू नका

'कोवळ्या मनांना युद्धाच्या कादंबऱ्या कशाला?' असे सुजाण पालकही विचारतात. हा युक्तिवाद मला मान्य नाही. पहिल्या महायुद्धावरील रेमार्क यांच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९२९) या कादंबरीतील पाउल बॉयमर व त्याचे वर्गमित्र शिक्षकाच्या देशभक्तिपर भाषणांना भुलून सैन्यात जातात; पाउलसह कित्येक बळी पडतात. त्यांचा घात कादंबरीने नव्हे, भाषणांनी केला. तोफगोळ्याच्या खड्ड्यात पाउल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो. मग त्याच्या पाकिटात पत्नी व मुलीची छायाचित्रे सापडतात. शत्रूलाही घर असते, हे मुलांना याहून नेमके कोण शिकवील? १९३३ मध्ये नाझींनी हे पुस्तक जाळले. तरुणांना रणात धाडू पाहणाऱ्यांनाच त्याची धास्ती होती. आपण पालकांनी ती का बाळगावी?