आजीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका

नांदेड-लातूरकडे एक तक्रार तुम्हीही ऐकली असेल : "ऑपरेशन चांगलं झालं, पण भुलीनं म्हातारीचं डोकं गेलं." खुब्याचे हाड मोडलेली आजी दवाखान्यात रात्री बरळू लागते, नातवालाही ओळखत नाही. बहुतेक जणी काही दिवसांत सावरतात. काहींचा विसराळूपणा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो.

हा निव्वळ घरगुती समज नाही. १९५५ साली बेडफर्ड या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली होती. पुढे युरोपातील आठ देश आणि अमेरिका येथील साठ वर्षांवरील १२१८ रुग्णांची मोठी पाहणी झाली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने सुमारे २६ टक्के रुग्णांची बुद्धी आधीपेक्षा मंदावलेली आढळली, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्क्यांची. शस्त्रक्रिया न झालेल्या त्याच वयाच्या माणसांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. रक्तातला प्राणवायू किंवा रक्तदाब कमी झाल्याने असे होत असावे, ही शास्त्रज्ञांची अटकळ मात्र खोटी ठरली! पहिल्या आठवड्यातील घटीशी संबंध दिसला तो वाढते वय, लांबलेली भूल, दुसऱ्यांदा करावी लागलेली शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग आणि कमी शिक्षण यांचा. तीन महिन्यांनंतरच्या घटीशी फक्त वयाचा. भुलीलाच सारा दोष देणेही बरोबर नाही. २००३ सालच्या अशाच एका तुलनेत, पूर्ण भूल दिलेले आणि शरीराचा तेवढाच भाग बधिर केलेले रुग्ण यांच्यात तीन महिन्यांनी म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

धोका आधी ओळखायचा, तर शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची स्मृती आणि आकलन तपासून ठेवले पाहिजे. माझा वाद आहे तो इथे. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची एक चाचणी जगभर वापरली जाते. तीत शंभरातून सात-सात वजा करायचे, एक वाक्य लिहायचे, कागदावरचा मजकूर वाचून तसे करायचे. दुसऱ्या एका चाचणीत घड्याळ काढायचे असते. आपल्याकडे आज ऐंशीच्या घरात असलेली माणसे निजामी राजवटीच्या अखेरीस जन्मली. गावात शाळा नाही, असली तर बरेचदा उर्दूतून. मुलींना तर कोणी पाठवीतच नसे. अशा आजीच्या हाती पेन्सिल देऊन घड्याळ काढायला लावले, तर मोजले जाते ते तिचे शिक्षण, मेंदू नव्हे. तिला आजची तारीख सांगता येणार नाही, पण माळेगावची जत्रा किती दिवसांवर आली आहे हे ती बिनचूक सांगेल.

हरियाणातील बल्लभगड भागात संशोधकांनी हीच अडचण ओळखून त्या चाचणीचे हिंदी रूप केले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काही सांगायचे असते आणि वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाकडे पाहून. मराठवाड्याच्या बोलीतले असे रूप नांदेड आणि लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रत्येक वृद्ध रुग्णासाठी शस्त्रक्रियेपूर्वी वापरले जावे, असे माझे मत आहे. तिथली गर्दी पाहता 'वेळ कुठे आहे?' असे कोणी विचारील. पण चाचणी फार तर दहा मिनिटांची, आणि ती परिचारिकेलाही घेता येते.

मात्र असा अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. 'धोका शंभरात दहा' याचा अर्थ नव्वद जणांना काहीच होत नाही असाही आहे. आकडा मोठा आला म्हणून मोडलेला खुबा तसाच ठेवणे तर फारच वाईट. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया गाठतो. आकड्याचा उपयोग काळजी कोणाची अधिक घ्यायची हे ठरवण्यासाठी. अमेरिकेतील एका रुग्णालयात सत्तरीवरच्या ८५२ रुग्णांवर (हे शस्त्रक्रियेचे नव्हते) झालेल्या एका साध्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले : चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, रात्री झोपू देणे, लवकर चालवणे, गप्पा मारणे. बरळण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले.

आपल्याकडे चष्मा आणि कवळी 'हरवेल' म्हणून घरी पाठवतात. भूल उतरल्यावर त्या दोन्ही वस्तू आजीच्या उशाशी हव्यात. घरून निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्या : आजी पैसे मोजते का, नातवंडांची नावे सांगते का, देवळातून एकटी परत येते का. तो कागद भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा काढून पाहा.