पुंजीच्या पेटीची किल्ली

काटकसरीचा उपदेश गरिबाला फुकट मिळतो. पण शिलकेची पै ठेवावी कोणापाशीं? अमेरिकेंत १८६५ सालीं मुक्त गुलामांसाठीं बँक निघाली. गोऱ्या विश्वस्तांनीं तिचा पैसा भलतीकडे गुंतविला. १८७४ सालीं ती बुडाली व हजारों कष्टकरी नाडले गेले. मग काटकसर काय कामाची?

धुणें धुणाऱ्या बाईची लेक मॅगी वॉकर हिनें १९०३ सालीं रिचमंड शहरांत आपल्या लोकांची सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. धोबिणी-मोलकरणींचीं नाणीं तेथें जमलीं आणि त्यांतूनच कृष्णवर्णीयांना घरांसाठीं कर्जें मिळालीं.

आज तेथील कृष्णवर्णीय भगिनींसाठीं पैशाच्या हिशेबाचीं पुस्तकें निघतात. तीं अवश्य वाचावींत. परंतु हिशेब शिकविणाऱ्यानें पेटीची किल्ली कोणापाशीं आहे, हेंही सांगावें.