दगडाचं बिल कोणी भरलं?

इंग्लंडमधल्या जुन्या दगडी वाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘इतिहास जाऊ दे रे, आर्किटेक्चर बघ.’ माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इतिहास जाऊ दिला तर आर्किटेक्चर दिसतच नाही. उरतो तो फक्त फोटो.

उदाहरण घेऊ बॅसिल्डन पार्कचं. मी नोकरीसाठी रेडिंगमध्ये राहतो, तिथून हे घर गाडीने अर्ध्या तासावर आहे. तुम्ही ते बहुतेक पाहिलेलं आहे. २००५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सिनेमात बिंग्लीचं नेदरफिल्ड म्हणून जे घर दिसतं, ते हेच. इथे येणारी आमच्या ऑफिसातली मंडळी पहिल्यांदा खांबांपुढे उभं राहून फोटो काढतात. घर आहेच तसं. मधे तीन मजली भारदस्त इमारत, दोन्ही बाजूंना जोडलेली दोन छोटी पॅव्हिलियन. खालचा मजला मुद्दाम राकट दिसणाऱ्या दगडांचा, वर चार आयोनिक खांब आणि त्यांच्यावर त्रिकोणी माथा. सगळं मोजूनमापून, कुठेही आरडाओरडा नाही.

आम्हा इंजिनिअर लोकांना एक सवय असते. डिझाइन पाहिलं की विचारायचं, रिक्वायरमेंट काय होती? हे घर १७७६ ते १७८३ दरम्यान जॉन कार या आर्किटेक्टने फ्रान्सिस साइक्ससाठी बांधलं. साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा हक्क मिळाला, तेव्हा तो मुर्शिदाबादच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता. कंपनीचे नोकर तेव्हा पगारावर नव्हे, स्वतःच्या खासगी व्यापारावर गबर होत. साइक्सही तसाच झाला. १७७० साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, तोवर तो मायदेशी परतला होता. वसुलीची यंत्रणा मात्र थांबली नव्हती.

असा पैसा घेऊन परतलेल्यांना इंग्लंडमध्ये ‘नेबॉब’ म्हणत. शब्द आपल्या ‘नवाब’वरून आलेला, पण वापरायचा टिंगलीसाठी. १७७२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर सॅम्युअल फूटचं ‘द नेबॉब’ नावाचं नाटकच आलं होतं. म्हणजे साइक्सकडे पैसा होता, पत नव्हती. रिक्वायरमेंट सरळ होती : काल आलेला पैसा शंभर वर्षं जुना दिसला पाहिजे.

आता पुन्हा त्या खांबांकडे बघा. ही पॅलाडियन शैली. सोळाव्या शतकातल्या पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराच्या नावाची, आणि इंग्लंडच्या उमरावांनी तोवर आपलीशी केलेली. बंगालची एक खूणही दर्शनी भागावर नाही, आणि हा निव्वळ आवडीचा प्रश्न नव्हता. पुढच्या पिढीत, १८०५ च्या सुमारास, ग्लॉस्टरशायरमधल्या सेझिनकोट या घरावर कंपनीच्याच एका माणसाने मुघली धाटणीचा घुमट चढवला. साइक्सला ती चैन परवडणारी नव्हती. त्याला लपायचं होतं.

दगडाचंही तेच. या भागातली जुनी घरं विटांची, गारगोटीची. हा मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड आहे बाथचा, नव्वद-शंभर किलोमीटरवरचा. बाथहून टेम्सकडे येणारा कालवा पूर्ण झाला १८१० मध्ये, म्हणजे तेव्हा सरळ जलमार्गही नव्हता. असा दगड आणवणं हीच एक घोषणा होती : आम्ही इथलेच, आणि वरच्या थरातले. मग दगड कसा घडवला यावर बोलायचं आणि बिल कुठून भरलं ते विचारायचं नाही, याला वास्तूचा अभ्यास कसं म्हणायचं?

सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध अहवालात मांडले. त्यात हे घरही आहे. केवढा गदारोळ झाला! काही खासदार चिडले, तक्रारी चॅरिटी कमिशनपर्यंत गेल्या. कमिशनला ट्रस्टने नियम मोडल्याचं काही आढळलं नाही. चिडलेल्यांचं म्हणणं, घराला घर राहू द्या. पण या घराचं कामच मुळी मालकाचा पैसा धुऊन दाखवण्याचं होतं. ते काम आजही चोख चालू आहे, आणि ‘फक्त आर्किटेक्चर बघ’ म्हणणारे त्याला फुकटात हातभार लावतायत.

आपल्यातल्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं भांडण आहे. ‘सगळी आपली लूट’ एवढं स्टेटस टाकून ते मोकळे होतात, घराकडे मान वर करून बघतही नाहीत. जॉन कार हा गवंड्याचा मुलगा, बापाच्या दगडखाणीत वाढलेला. त्याला दगड कळत होता, प्रमाण कळत होतं. मुर्शिदाबादचा पैसा नुसता पैसा राहिला असता, तर तो कधीच उधळून गेला असता. कारच्या हातून त्याला असं रूप मिळालं की अडीचशे वर्षांनी, ज्यांच्या मुलखातून तो आला तिथलीच माणसं त्याच्यासमोर हसून फोटो काढतात. हे कसब समजून न घेता नुसतं ‘लूट’ म्हणणं म्हणजे अर्धाच आरोप ठेवणं.

तेव्हा फोटो काढा, खुशाल काढा. सुंदर आहे ते घर. फक्त कॅप्शनमध्ये दोन नावं येऊ द्या : जॉन कार आणि मुर्शिदाबाद.