बेपत्ता विद्यार्थी आणि दवडलेले तास

माळेगाव बुद्रुक येथे अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र शिकण्यासाठी परगावची मुले येऊन राहतात. अशा गावी एखादा विद्यार्थी रात्री वसतिगृहात परतला नाही, तर त्याची दखल प्रथम कोणी घ्यावयाची? अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांस स्वतःचे पोलीस असतात. तेथील 2008 च्या कायद्यान्वये, वसतिगृहातील विद्यार्थी बेपत्ता असल्याचे ठरल्यापासून 24 तासांच्या आत पोलिसांस कळविणे संस्थेवर बंधनकारक आहे. आपल्याकडे असतात ते रखवालदार आणि रेक्टर. आणि मुलापेक्षा संस्थेच्या नावाची काळजी अधिक वाहणारे रेक्टर महाराष्ट्रात दुर्मिळ नाहीत!

‘24 तास वाट पाहा’ हा सल्ला आपल्या कायद्यात कोठेही नाही. 18 वर्षांखालील मूल हरवल्यास अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच बजावले. परंतु महाविद्यालयीन विद्यार्थी बहुधा 18 वर्षे ओलांडलेला. त्याची नोंद केवळ ‘मिसिंग’ म्हणून होते. प्रौढास स्वेच्छेने निघून जाण्याचा हक्क आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण तो स्वेच्छेने गेला, हे शोधल्याविना कळावे कसे? रात्रीच्या हजेरीस विद्यार्थी न आढळल्यास पालक व पोलीस ठाणे या दोहोंस त्याच रात्री कळविण्याचा लेखी नियम संस्थांनी करावा. आणि ठाण्यानेही हद्दीचा वाद न घालता, बसस्थानकावरील कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी ते ताब्यात घ्यावे.