न शोधता सापडलेली गाठ

पित्ताशयातील खडा पाहावयास गेलेल्या माणसाला मूत्रपिंडात गाठ असल्याचे कळावे, हा प्रकार आता विरळा राहिलेला नाही. लघवीतून रक्त, कुशीत वेदना आणि हातास लागणारी गाठ, या तीन लक्षणांवरून पूर्वी मूत्रपिंडाचा कर्करोग ओळखीत. आणि तोवर बहुधा वेळ टळून गेलेली असे. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले आणि शरीराचे अंतरंग उघडे होऊ लागले. आज मूत्रपिंडाच्या निम्म्याहून अधिक गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अवचित दिसतात.

विज्ञानाचे हे वरदान आहे, यात शंका नाही. परंतु गाठ दिसली म्हणजे मृत्यूचे बोलावणे आले, असे मानणे हा निव्वळ भ्रम होय. चार सेंटिमीटरहून लहान अशा ज्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या जातात, त्यांतील सुमारे पाचांपैकी एक कर्करोगाची नसते. पुष्कळशा लहान गाठी वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढतात. म्हणूनच वृद्ध वा दुर्बल रुग्णाच्या बाबतीत ठराविक काळाने तपासणी करीत लक्ष ठेवणे, हाही शास्त्रसंमत मार्ग आहे. आणि जेथे शस्त्रक्रिया अटळ, तेथेही अनेकदा केवळ गाठ काढून मूत्रपिंड वाचविता येते.

तथापि भयाहूनही घातक आहे ती बेफिकिरी. अहवालाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ असते. तपासणी सांगणारे डॉक्टर खड्यापुरते पाहतात, रुग्णास ती ओळ वाचता येत नाही आणि कागद कपाटात जातो. सापडलेली गाठ अशा रीतीने पुन्हा हरवते. आणि दोन-चार वर्षांनी ती स्वतःच आपली ओळख करून देते, तेव्हा उपाय तोकडे पडतात. हा दोष यंत्राचा नव्हे, माणसांचा आहे.

यास्तव आमची मागणी साधी आहे. अनपेक्षित असे काही आढळल्यास तपासणी केंद्राने ते संबंधित डॉक्टरांस तत्काळ कळवावे. रुग्णास दोन वाक्यांत, मराठीत, लिहून द्यावे. आणि पुढील तपासणीची तारीख रुग्णालयाच्या दप्तरी नोंदवावी. याला नवे यंत्र लागत नाही, कर्तव्याची जाणीव लागते. आणि वाचकांस आमचे सांगणे एवढेच, की घाबरू नका. पण अहवाल समजावून घेतल्यावाचून दवाखान्याची पायरी उतरू नका!